शिशुवर्गाची देणगी: किती, कोणाला आणि कशासाठी

खासगी बालवाडीला देणगी किती द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रातील शहरी पालकांपुढे दरवर्षी उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा सोसायटीतल्या इतर घरांनी किती दिले यावरून काढले जाते. वस्तुतः रक्कम ठरवणे हा या विचाराचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी मागितली जात असलेली रक्कम खरोखर देणगी आहे की दुसऱ्या नावाने घेतलेले शुल्क, याचा निकाल लावावा लागतो. शुल्क म्हणजे मिळणाऱ्या सेवेचा मोबदला, अनामत म्हणजे मूल शाळा सोडताना परत मिळणारी रक्कम, आणि देणगी म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता स्वखुशीने दिलेला पैसा. ‘विकास निधी’, ‘इमारत निधी’, ‘उपक्रम सहयोग’ ही नावे यांपैकी कोणत्याही खात्यात बसू शकतात, त्यामुळे नावावरून काहीच ठरत नाही. या विषयातले बहुतेक गैरसमज या तिन्हींच्या सरमिसळीतून जन्मलेले आहेत.

सर्वांत रुजलेला समज असा की प्रवेशाच्या वेळी देणगी द्यावीच लागते आणि पावती मिळाली की व्यवहार रीतसर झाला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, त्याच्या उलट सांगतो. शाळेने जाहीर केलेल्या शुल्काखेरीज घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी वा रक्कम म्हणजे ‘कॅपिटेशन शुल्क’ अशी त्याची व्याख्या आहे. तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना असे शुल्क घेण्यास मनाई आहे आणि भंग झाल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात तर त्याआधीपासून, १९८७ च्या अधिनियमाने, शैक्षणिक संस्थांना असे शुल्क घेण्यास बंदी केलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठानाच्या खटल्यात खासगी विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरवण्याची आणि वाजवी शिल्लक राखण्याची मोकळीक मान्य केली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन शुल्क यांना त्या मोकळिकीबाहेर ठेवले. पावती ही पैसा पोहोचल्याची खूण आहे. तो पैसा घेणे वैध होते याची नव्हे.

येथे एक बारकावा मात्र नोंदवायला हवा, कारण तो दुसऱ्या टोकाच्या गैरसमजाला कारण होतो. २००९ च्या कायद्यातील ‘शाळा’ म्हणजे प्राथमिक शिक्षण, म्हणजेच पहिली ते आठवी, देणारी मान्यताप्राप्त शाळा, आणि ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे मूल. शाळेला जोडलेल्या पूर्वप्राथमिक वर्गांना दुर्बल व वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के जागांची तरतूद लागू करता येते. परंतु केवळ नर्सरी व छोटा-मोठा शिशू चालवणारी, बंगल्याच्या तळमजल्यावरची स्वतंत्र बालवाडी या व्याख्येत सहजी बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नर्सरी प्रवेशांच्या संदर्भात याच आशयाचा निर्णय दिला होता. म्हणून ‘कायदा आहे, तक्रार केली की काम झाले’ असे गृहीत धरून चालत नाही. जिथे कायद्याची पकड सैल आहे तिथे पालकांचे खरे साधन एकच उरते: प्रवेशाआधी संपूर्ण वर्षाच्या सर्व रकमांचा तक्ता लेखी मागणे आणि त्यातील प्रत्येक रकमेपुढे ती परत मिळणारी की न मिळणारी, सक्तीची की ऐच्छिक, हे लिहून घेणे. हा तक्ता देण्यास टाळाटाळ करणारी संस्था बरेच काही सांगून जाते.

प्रत्येक बालवाडी ही सेवाभावी संस्था असते, हाही असाच न तपासलेला समज आहे. आजच्या शहरांतील अनेक बालवाड्या या खासगी कंपन्यांच्या नाममुद्रेखाली परवान्यावर, म्हणजे रूढ शब्दात फ्रँचायझी घेऊन, किंवा एखाद्या व्यक्तीच्या मालकीचा व्यवसाय म्हणून चालतात. व्यवसाय म्हणून बालवाडी चालवण्यात गैर काहीच नाही, पण व्यवसायाला देणगी देणे हे किराणा दुकानदाराला बिलाव्यतिरिक्त पैसे देण्यासारखे आहे. सार्वजनिक न्यासाची गोष्ट वेगळी. तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, त्याला लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि त्याची मालमत्ता विश्वस्तांच्या खासगी मालकीची नसते. हा फरक पावतीवर दिसतो. न्यासाच्या पावतीवर डोक्यावर न्यासाचे पूर्ण नाव असते, जे पाटीवरच्या गोंडस बालवाडीच्या नावाहून बहुधा वेगळे असते. खाली नोंदणी क्रमांक, स्थायी खाते क्रमांक (पॅन), पैसे धनादेशाने आले की रोख याची नोंद, आणि ‘सर्वसाधारण निधी’ की ‘कायम निधी’ असा उल्लेख असतो. कायम निधी म्हणजे मुद्दल न मोडता केवळ उत्पन्न वापरायचा निधी. यांपैकी काहीही नसलेली, ‘सप्रेम भेट’ एवढेच छापलेली चिठ्ठी ही हिशेबाच्या दृष्टीने चिठ्ठीच असते.

‘अर्धे पैसे करातून परत मिळतात’ हे वाक्य देणगी मागताना सर्रास ऐकवले जाते, आणि त्यात अर्धे सत्यही नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात ८०जी या कलमाने ओळखली जाणारी सवलत ही वजावट आहे. म्हणजे देणगीचा ठरावीक भाग, अशा संस्थांच्या बाबतीत सहसा ५० टक्के, करपात्र उत्पन्नातून वगळला जातो, करातून नव्हे. दहा हजार रुपये दिले तर पाच हजारांची वजावट मिळते आणि ३० टक्के दराने कर भरणाऱ्या कुटुंबाचे चार टक्के उपकरासह १,५६० रुपये वाचतात. २० टक्के दराने भरणाऱ्याचे १,०४०. त्यालाही अटी आहेत: संस्थेची त्या कलमाखाली नोंदणी हवी, दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेला वजावट नाही, खेळणी किंवा कपाट अशा वस्तुरूप देणगीला अजिबात नाही, आणि एकूण पात्र रकमेला समायोजित उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. नवी करप्रणाली, जी आता आपोआप लागू होते, स्वीकारणाऱ्याला ही वजावट मिळतच नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा अमलात येत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, ‘वजावट’ आणि ‘परतावा’ यांतले अंतर मात्र तेवढेच राहते. जुन्या करप्रणालीत ८०सी कलमाखाली दोन मुलांच्या शिक्षण शुल्काला, त्यात शिशुवर्गाचे शुल्कही आले, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावट मिळत आली आहे. पण विकास निधी व देणगी त्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. एकच रक्कम एका कलमासाठी शुल्क आणि दुसऱ्यासाठी देणगी म्हणून दाखवण्याचा मोह धोक्याचा आहे.

या सगळ्या तपासणीनंतर, संस्था न्यास आहे, प्रवेश आधीच झालेला आहे आणि पैसा खरोखर ऐच्छिक आहे असे दिसले, तरच ‘किती’ या प्रश्नाला अर्थ येतो. तेव्हा ‘तूट भागिले मुले’ हे गणित पुढे येते. समजा, चाळीस मुलांच्या बालवाडीचा वार्षिक खर्च सोळा लाख आहे आणि ३६,००० रुपये शुल्काने १४ लाख ४० हजार जमतात. तूट १ लाख ६० हजारांची, म्हणजे दरडोई चार हजार. हा आकडा संस्थेची गरज समजून घेण्यासाठी उपयोगी आहे, पण तो कुटुंबाचा ‘वाटा’ नाही. प्रत्येकाकडून नेमके चार हजार अपेक्षित असतील आणि न देणाऱ्याची नोंद ठेवली जात असेल, तर ती शुल्कवाढ आहे आणि तिला तेच नाव द्यायला हवे. देणगीत एका घराने काहीच न देणे आणि दुसऱ्याने पंचवीस हजार देणे या दोन्ही गोष्टी सारख्याच सहज असतात. कुटुंबाने आपल्यापुरता मापदंड ठरवताना वर्षाकाठी दानासाठी एकूण किती बाजूला काढता येते ते आधी पाहावे आणि त्यातला किती भाग आपल्याच मुलाला लाभ होणाऱ्या संस्थेला द्यायचा ते नंतर. गावाकडची शाळा, ग्रंथालय, रुग्णसाहाय्य यांचाही त्या रकमेवर हक्क असतो. आणीबाणीची शिल्लक मोडून किंवा पत-कार्डावर उधारी करून दिलेली देणगी कोणत्याही गणितात बसत नाही.

उरतो तो हा समज की निधी मोठा तितकी बालवाडी चांगली. मराठी बालशिक्षणाचा इतिहास याला दुजोरा देत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत नेले, तेव्हा माँटेसोरींच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, खडे आणि माती आली. मूल शाळेत येत नाही म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात गेली. तिथे जे स्वस्त करता आले नाही ते म्हणजे मुलांजवळ बसणारे, प्रशिक्षित आणि टिकून राहणारे माणूस. आजही देणगीची विनंती हाती आली की तिच्यातील रंगीत घसरगुंडीच्या चित्राऐवजी ताईंच्या पगाराची आणि दरवर्षी किती ताई सोडून जातात याची चौकशी करणे अधिक फलदायी ठरते, आणि देणगी द्यायचीच असेल तर तिच्या पावतीवर ‘शिक्षिका मानधन व प्रशिक्षण यासाठी’ एवढे शब्द लिहून घेता येतात.