रुखाचे अंडे आणि गेंड्याचे शिंग

कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्यापासून सिंदबाद खलाशी महाराष्ट्रातील वाचकास परका राहिलेला नाही. परंतु हत्तीला पंजात उचलणारा त्याचा रुख पक्षी, बेट समजून ज्याच्या पाठीवर खलाशी चूल पेटवितात तो महामत्स्य, आणि हत्तीला शिंगावर घेऊन चालणारा गेंडा, ही सारी निव्वळ कल्पनेची अपत्ये आहेत, की त्यांच्यामागे रक्तामांसाचे जीव उभे आहेत, हा प्रश्न विद्वानांनी फार काळ खल करूनही रोचक राहिला आहे.

या चौकशीस आरंभ करावा तो सफरींच्या पार्श्वभूमीपासून. बसऱ्याहून निघणारी अरब तारवे ज्या बंदरांना लागत, त्यांची वर्णने करणारे ग्रंथ नवव्या-दहाव्या शतकांत तयार झाले, इ. स. ८५१ चा चीन व हिंदुस्थान यांविषयीचा वृत्तांत, बुझुर्ग इब्न शहरियारने जमविलेल्या हिंदच्या अद्भुत कथा, आणि आपल्या चौलास, म्हणजे अरबांच्या सैमूरास, प्रत्यक्ष येऊन गेलेल्या अल्-मसूदीचे लेखन, ही त्यांतील ठळक नावे. या ग्रंथांतील मजकूर सिंदबादच्या गोष्टींशी ताडून पाहिला, म्हणजे कथाकाराचा मालमसाला कोठून आला हे ध्यानात येऊ लागते.

गेंड्याची ओळख सर्वांत सहज पटते. तो गाई-म्हशींप्रमाणे चरतो, त्याला एकच जाड शिंग असते, आणि ते चिरले असता आत मनुष्याकृती दिसते, असे कथेत म्हटले आहे. यांतील शेवटचा तपशील कवीचा नव्हे, व्यापाऱ्याचा आहे. कारण शिंगाच्या छेदात माणूस, मोर, मासा यांच्या आकृती उमटलेल्या असतात आणि चीनमध्ये त्याचे कमरपट्टे भारी किमतीस जातात, अशी नोंद ८५१ च्या वृत्तांतात आहे. भारतीय एकशिंगी गेंड्याचे शिंग सहसा दोन फुटांपलीकडे जात नाही. कथेच्या एका पाठात ते हातभर, तर दुसऱ्यात दहा हात आहे. कथा हस्ते-परहस्ते जाताना अतिशयोक्ती कशी चढत जाते, याचा हा सरळ दाखला होय.

रुखाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याच्या अंड्याचा घेर पन्नास पावले होता, असे सिंदबाद सांगतो. मार्को पोलोने रुखाचा संबंध मादागास्करशी जोडला होता. पुढे त्या बेटावरून पॅरिसला पोहोचलेल्या प्रचंड अंड्यांवरून ईझिदोर झोफ्र्वा सँतिलेर याने १८५१ मध्ये एपिऑर्निस या नामशेष पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या मोठ्या अंड्याची लांबी फूटभर, घेर सुमारे एक मीटर, आणि आत शे-दीडशे कोंबडीच्या अंड्यांइतका ऐवज मावेल एवढी पोकळी. असे अंडे, किंवा त्याची नुसती वार्ता, एखाद्या दर्यावर्दीच्या कानी पडली असेल, तर त्याने मनातल्या मनात केवढा पक्षी उभा केला असेल! पण हरकत अशी की एपिऑर्निस शहामृगासारखा भूचर होता; त्याला उडता येत नव्हते. आणि पंजात हत्ती धरून उडणारा पक्षी तर मादागास्करची वार्ता नव्हेच, कारण महाभारताच्या आदिपर्वात गरुडाने हत्ती आणि कासव दोहोंना एकदमच उचलले होते. अंडे एका किनाऱ्याचे आणि उड्डाण दुसऱ्या देशाच्या पुराणाचे, असा हा संकर असावा, हेच मला अधिक संभवनीय वाटते.

महामत्स्याची कथाही अशीच बंदरोबंदरी फिरलेली. बुझुर्गच्या ग्रंथात ती कासवाविषयी सांगितली जाते, तर युरोपात संत ब्रेंडनच्या सफरीत देवमाशाविषयी. सहाव्या सफरीतील अंबराचा उल्लेख मात्र निराळ्या तऱ्हेने बोलका आहे. अंबर एका झऱ्यातून वाहते, समुद्रातले प्राणी ते गिळतात आणि मग ओकतात, असे तेथे सांगितले आहे. वस्तुतः ते स्पर्म देवमाशाच्या आतड्यातच, त्याने गिळलेल्या माखल्यांच्या न पचणाऱ्या चोचींभोवती तयार होते. व्यापाऱ्याने किनाऱ्याला लागलेला जिन्नस पाहिला होता, तो घडविणारा जीव पाहिला नव्हता. म्हणून कार्य आणि कारण यांची अदलाबदल झाली.

हाच या साऱ्या प्राण्यांचा उगमन्याय मानावा लागतो: शिंग, अंडे, अंबर असा एखादा अवयव किंवा जिन्नस बंदरात येई, आणि उरलेले शरीर जुनी आख्यायिका पुरवी. तेव्हा अमुक प्राणी म्हणजे अमुकच, असे नुसत्या साम्यावरून ठरविणे धोक्याचे आहे. सिंदबादच्या मानेवर पाय आवळून बसणारा सागरातला म्हातारा म्हणजे सुमात्र्यातील ओरांगउटान, असा तर्क कोणी कोणी केला आहे. पण त्या वानराचे बळ लांब हातांत असते, पाय आखूड असतात, तर या म्हाताऱ्याची सारी शक्ती पायांत. त्याचे चर्म, दंत वा अस्थी कोणत्याही पेठेत साक्षीस उभ्या राहत नाहीत. सबब पुराव्याअभावी ही फिर्याद खारीज करणेच न्यायाचे.