भावकीतला लांडगा

दिवाळी सरली की आटपाडी-जतकडचे धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात. कुंडलच्या शिवारातही एखाद्या मोकळ्या रानात वाडा पडतो. खत मिळतं म्हणून शेतकरी हौसेने मेंढरं बसवून घेतो. रात्री मेंढरं वाघरीत कोंडायची आणि जाळ्याबाहेर कुत्री सोडायची, ही जुनी रीत. धास्ती असते ती लांडग्याची. म्हणजे गंमत बघा, एका लांडग्यापासून मेंढरं राखायला आपण दुसरा लांडगाच ठेवलाय!

कारण कुत्रा हा मुळात लांडगाच. अनेक शास्त्रज्ञ दोघांना एकाच जातीत घालतात. आडनाव एकच, ‘कॅनिस लुपस’. मग वाड्यावरचं कुत्रं माळावरच्या लांडग्याचं नातवंड म्हणायचं का? तसंही नाही. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला. गेल्या लाखभर वर्षांतल्या 72 प्राचीन लांडग्यांचा डीएनए त्यात वाचला होता. कुत्र्यांचं नातं युरोपातल्या प्राचीन लांडग्यांपेक्षा सैबेरियाकडच्या लांडग्यांशी अधिक जवळचं निघालं. पण त्या 72 जणांत थेट पूर्वज एकही नव्हता. कुत्र्याचा खापरपणजा ज्या कळपात जन्मला, तो कळप अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. बहुधा तो वंशच बुडाला आणि मागे राहिली ती कुत्री.

ही कुत्री माणसाजवळ आली तीही फार आधी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेलला 1914 मध्ये सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत एक पिल्लू. पिल्लाच्या दातांवरच्या खुणा सांगतात की त्याला डिस्टेंपर झाला होता आणि आजारपणात ते काही आठवडे जगलं. कुणी पाणी पाजल्याशिवाय, उबेला घेतल्याशिवाय ते शक्य नव्हतं. तेव्हा शेती नव्हती आणि माणसाने मेंढी पाळायलाही अजून तीनेक हजार वर्षं होती. म्हणजे राखणदार आधी आला, राखायचं धन मागून!

शेती आल्यावर कुत्र्याचं पोटही बदललं. पिठूळ अन्न पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. बहुतेक कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत भरतात, असं 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. शाळूच्या भाकरीचा तुकडा वाड्यावरच्या कुत्र्याच्या अंगी लागतो, तो या प्रतींच्या जोरावर.

आणि आपला माळावरचा लांडगा? वीसेक किलोचा, अंगाने सडपातळ, तोकड्या केसांचा, मातकट रंगाचा. सैबेरियातल्या केसाळ धिप्पाड लांडग्यांची चित्रं पाहिलेल्याला तो किरकोळ वाटेल. पण घराणं पाहावं तर याचंच. भारतीय आणि तिबेटी लांडग्यांच्या शाखा बाकीच्या लांडग्यांपासून फार आधी फुटल्या, असं 2021 च्या जनुकीय अभ्यासात दिसलं. भारतीय लांडग्याच्या डीएनएच्या एका भागावरून 2004 मध्ये अंदाज निघाला होता, की ही फूट सुमारे चार लाख वर्षांपूर्वीची. माण, खटाव, आटपाडी, जतच्या कुसळी गवतात फिरणारा हा प्राणी जगातल्या सर्वांत जुन्या लांडगाकुळांपैकी एक आहे. कुंडलच्या वन प्रबोधिनीत वनक्षेत्रपाल घडतात. त्यांच्या पुस्तकात तो वाघाच्याच पंगतीला, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसतो. गावात मात्र वाघाचं कौतुक आणि लांडग्याला शिव्या. ज्याची मेंढी गेली त्याच्या शिव्या मी समजू शकतो, इतरांच्या नाही.

वाटणी होऊन इतकी हजार वर्षं लोटली, तरी या भावकीतला बांध पक्का नाही. गावाबाहेर पोल्ट्रीची घाण, मेलेली जनावरं टाकली जातात. तिथे मोकाट कुत्री जमतात आणि लांडगाही येतो. पुण्याजवळच्या माळरानात पिवळसर रंगाची काही वेगळीच जनावरं दिसू लागली होती. केस गोळा करून डीएनए तपासला, आणि लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं 2023 मध्ये सिद्ध झालं. ओबरकासेलच्या पिल्लाला झालेला तो डिस्टेंपरही आज कुत्र्यांकडून लांडग्यांकडे जातो. तिथे उबेला घेणारं कुणी नसतं.