बक्षिसाचा डेलिया आणि पानावरची पिवळी रेघ

पुष्पप्रदर्शनात डेलियाच्या मांडणीसमोर आलेला प्रेक्षक फुलाचा चेहरा पाहतो. परीक्षक आधी मागे वळून फुलाची पाठ पाहतात. मागच्या पाकळ्या सर्वांत आधी उमललेल्या, म्हणून कोमेजायची सुरुवातही तिथूनच होते. समोरून टवटवीत दिसणारं फूल पाठीवर तपकिरी पडलेलं असेल, तर गुण तिथेच जातात. मग मधला भाग घट्ट मिटलेला आणि बरोबर केंद्रात आहे का, दांडा फुलाचं वजन पेलतो का, हे पाहिलं जातं. ब्रिटनमधल्या स्पर्धांत तर मोजमापासाठी चक्क कडी वापरतात. ‘पॉम्पॉन’ या चेंडूसारख्या छोट्या प्रकाराला 52 मिलिमीटर व्यासाचं कडं असतं. त्यातून फूल पार झालं नाही तर ते बाद, मग कितीही देखणं असो. दुसऱ्या टोकाला 250 मिलिमीटरच्या वरचा राक्षसी वर्ग. हे फूल जेवणाच्या ताटाशी स्पर्धा करतं.

आपल्याकडे हा हंगाम थंडीचा. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. त्याची तयारी गच्चीवर नि बाल्कनीत सप्टेंबरपासूनच सुरू होते. शहरोशहरी बागप्रेमींची छोटी मंडळं असतात. महिन्याकाठी एखाद्याच्या घरी बैठक, रोपांची देवाणघेवाण, पेंडेच्या पाण्याच्या प्रमाणावरून वाद, असं त्यांचं काम चालतं. यातला देवाणघेवाणीचा भाग वाटतो तितका साधा नाही. डेलियाच्या उत्तम जाती त्यामुळेच टिकतात आणि त्यामुळेच आजारीही पडतात.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. 1963 मध्ये तो त्या देशाचं राष्ट्रीय फूल झाला. नकाशात पाहिलं तर मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 19 अंशांच्या आसपास. पुणे थोडं खाली. म्हणजे दिवसाच्या लांबीचं गणित दोन्हीकडे सारखंच. फरक आहे उंचीचा. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, पुणे साधारण साडेपाचशे मीटरवर. तिकडचा रानटी डेलिया पावसाळ्यात, थंड हवेत फुलतो. तेव्हा दिवस बारा-तेरा तासांचा असतो. आपल्या पावसाळ्यात मात्र रात्री उबदार, ऊन गायब आणि कुंडीत पाणी साचून मुळं कुजण्याची भीती. म्हणून आपण त्याला हिवाळ्यात फुलवतो, आणि तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा झालेला असतो.

दिवस आखडला की हे झाड आपली शक्ती फुलाकडून काढून कंदाकडे वळवू लागतं. पुढे दुष्काळी दिवस येणार, साठा करून ठेवावा, असा हा त्याचा जुना हिशेब. त्याचा फटका फुलाला बसतो. पाकळ्यांचे थर कमी पडतात आणि मधली पिवळी चकती वेळेआधी उघडी पडते. जाणकार ‘डोळा दिसला’ म्हणतात आणि ते फूल स्पर्धेतून वगळतात. डिसेंबरमध्ये कुणाच्या बाल्कनीत डेलियावर संध्याकाळी तास-दोन तास दिवा जळत असेल, तर ते खूळ नाही. झाडाला दिवस लांब भासवण्याची ती युक्ती आहे.

‘पाकळ्या’ हा शब्दही सोयीचाच. डेलिया सूर्यफुलाच्या कुळातला. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो शेकडो चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या प्रत्येक फुलाची एक रुंद पट्टी होते आणि तीच आपल्याला पाकळी दिसते. मधल्या चकतीतली नळीदार फुलंही अशाच पट्ट्यांत बदलली, की भरगच्च डेलिया तयार होतो. त्याला मोठं करायचं तर बाकीच्यांचा बळी द्यावा लागतो. शेंड्याला सहसा तीन कळ्या येतात; मधली ठेवून बाजूच्या दोन खुडायच्या. पानांच्या बगलेतले फुटवे काढत राहायचं. वाटाण्याएवढी कळी पूर्ण उमलायला मोठ्या जातींत तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे प्रदर्शनाच्या तारखेपासून उलट मोजत खुडणीचे दिवस ठरतात. नवख्या सभासदाला हे जड जातं. घरात शुभकार्यालाही फुलं मोजून न आणणारा माणूस स्वतःच्या हाताने कळ्या कशा तोडणार?

कंदाबद्दलही एक गैरसमज असतो. बटाटा हे जमिनीखालचं खोड आहे, म्हणून त्याच्या अंगावर जागोजाग डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याला स्वतःला कोंब फुटत नाही. कोंब फुटतो तो जुन्या खोडाच्या बुंध्याला चिकटलेल्या मानेपाशी. मान तुटलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्यातून रोप येत नाही. शिवाय या कंदात बटाट्यासारखं पिष्ट नसतं, ‘इन्युलिन’ असतं. नाव मधुमेहाच्या इन्सुलिनसारखं आहे, पण दोघांचा संबंध नाही. इन्युलिन हा फळशर्करेच्या कड्यांचा साखळीदार कर्बोदक पदार्थ. आपल्या लहान आतड्यात तो पचत नाही. रक्तात सोडला तर मूत्रपिंडं त्याला गाळून जसाच्या तसा लघवीत टाकतात. म्हणून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता अचूक मोजण्यासाठी संशोधकांनी वर्षानुवर्षं इन्युलिन वापरलं. डेलियाचा कंद हा त्याचा एक स्रोत. अर्थात, म्हणून कुणी कुंडीतला कंद औषध म्हणून खाऊ नये, विशेषतः त्या कुंडीत कीटकनाशक पडलेलं असेल तर.

आता मुद्द्याचं. बागेतल्या डेलियात गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण 64. माणसात दोनच संच. एवढी पत्ती पिसल्यावर बियांतून आईसारखंच रोप मिळण्याची आशा नसते. प्रत्येक बी वेगळं काहीतरी घेऊन उगवतं. नवीन जाती काढणाऱ्यांना ही चैन, पण बक्षीसपात्र जात टिकवायची तर एकच मार्ग: कंद फोडा किंवा कोवळ्या फुटव्याची फाटे-कलमं लावा. म्हणजे एका नावाची सगळी झाडं ही मुळात एकाच झाडाचे तुकडे. मंडळात कुणाचं फूल पहिलं आलं, की लगेच “मला दोन कलमं ठेवा हं” अशी मागणी येते, आणि पुढच्या वर्षी तीच जात दहा गच्च्यांवर दिसते. एखाद्याचे कंद कुजले तरी ती जात मरत नाही. दुसऱ्याकडून परत येते.

तिच्याबरोबर विषाणूही येतो.

डेलियाचा मोझॅक विषाणू झाडात शिरला की पानांच्या शिरांलगत पिवळसर पट्टे उमटतात, पानं सुरकुततात, पेरं आखडून झाड खुजं राहतं. मंडळात पहिलं निदान ठरलेलं असतं: “अहो, खत कमी पडलंय.” खत कमी असेल तर ते दिल्यावर नवी पानं निरोगी येतात. लाल कोळी असेल तर पानाखाली बारीक जाळं दिसतं. खत दिल्यावरही नव्या पानावर तीच रेघ आली, तर संशय विषाणूचा. आणि काही जाती तर विषाणू अंगात बाळगून वरून ठणठणीत दिसतात, ते सर्वांत वाईट. मावा या विषाणूचा मुख्य वाहक. इतर काही विषाणू फुलकिड्यांतून किंवा कलमाच्या पात्याला लागलेल्या रसातून पसरतात. झाडांना रोगप्रतिकाराच्या पेशी नाहीत, आणि घरी वापरता येईल असं विषाणूवरचं औषधही नाही. लागण कंदात उतरते आणि दरवर्षी कोंबासोबत वर येते.

म्हणून उपाय एकच उरतो आणि तो कुणालाच नको असतो: झाड कंदासकट उपटून कचऱ्यात टाकणं, खतखड्ड्यात नाही. दहा वर्षं जपलेली, एखाद्या गेलेल्या मित्राने दिलेली जात असेल, तर हात धजावत नाही. फूल अजून बरं येतंय ना, मग राहू दे, असं म्हणून ते ठेवलं जातं आणि मावा शेजारच्या कुंडीवर जातो.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी यात एक चांगलं काम केलं. तिथल्या डेलिया सोसायटीने वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांशी हात मिळवले, आणि सभासदांनी आपल्या बागेतल्या पानांचे नमुने तपासायला पाठवले. याच संशोधनात एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. मोझॅक विषाणूशी नातं सांगणारा एक जनुकीय मजकूर डेलियाच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच शिरून बसला आहे, मेक्सिकोतल्या रानटी झाडांतसुद्धा. त्यामुळे ‘शंभर टक्के विषाणूमुक्त’ अशी जाहिरात दिसली तर ती मिठाची चिमूट घालूनच वाचावी.

गच्चीवर करता येण्याजोगं बरंच आहे. बाहेरून आलेली कुंडी पहिला हंगाम वेगळी ठेवावी. एका झाडाचं कलम घेतल्यावर पातं साबणाने धुऊन, ज्योतीवर तापवून मगच दुसऱ्याला लावावं. मावा दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा साबणाच्या सौम्य पाण्याने घालवावा. स्पर्धेच्या ईर्षेने अनेकजण झाडाच्या अंगात मुरणारी कीटकनाशकं वापरतात. त्याच कठड्यावर कढीपत्ता आणि तुळस असते, आणि ती स्वयंपाकघरात जाते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात राहत नाही. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणीही आठवड्याला ओतून द्यावं. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

फेब्रुवारी सरता सरता डेलियाची पानं पिवळी पडू लागतात, पाणी तोडलं जातं आणि कंद कोरड्या वाळूत विसाव्याला जातात. वाळलेले कंद सगळे सारखेच दिसतात. आजारी कुठला, निरोगी कुठला, हे मग ओळखता येत नाही. त्यामुळे ज्या झाडाच्या पानावर रेघ दिसली होती, त्याच्या दांड्याला पानं हिरवी असतानाच लाल दोरा बांधायचा, आणि सप्टेंबरात कुणी कलम मागितलं तर तो दोरा दाखवायचा.