बाप प्रमोटर, मुलगा मॅनेजर

१९ जुलै १९८६ च्या रात्री लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर टिम विदरस्पूनने फ्रँक ब्रूनोला अकराव्या फेरीत आडवं केलं. सगळं मैदान ब्रूनोच्या बाजूचं होतं, तरी फिलाडेल्फियाच्या या बॉक्सरने आपला हेवीवेट जगज्जेतेपदाचा पट्टा राखला. एचबीओ वाहिनीने या लढतीसाठी प्रमोटर डॉन किंग यांना १७ लाख डॉलर मोजले होते. विदरस्पूनचं मानधन ठरलं होतं ५ लाख. सगळी कापाकापी होऊन त्याच्या हाती पडले सुमारे ९० हजार.

त्याच लढतीत त्याच्या मॅनेजरला मिळाले २ लाख ७५ हजार डॉलर. मॅनेजरचं नाव कार्ल किंग. डॉन किंग यांचा सावत्र मुलगा.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, हे समजून घ्यायला या एका रात्रीचा हिशेब पुरेसा आहे. प्रमोटर म्हणजे लढत उभी करणारा. सभागृह घ्यायचं, परवाने काढायचे, टीव्हीशी सौदा करायचा, तिकिटं खपवायची, मुख्य लढतीआधीच्या पाच-सहा लढतींच्या बॉक्सरांचे पैसे द्यायचे, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर तोटा सोसायचा. बॉक्सर जितक्या कमी पैशात मिळेल तितका त्याचा फायदा जास्त. मॅनेजर असतो बॉक्सरच्या बाजूचा. जोड कोणाशी घ्यायची, कधी घ्यायची, कुठल्या प्रस्तावाला नकार द्यायचा हे तो ठरवतो आणि जास्तीत जास्त मानधन ओढून आणतो, कारण त्याचा वाटा त्या मानधनातूनच निघतो. नेवाडा राज्यात हा वाटा फार तर एक तृतीयांश, ब्रिटनमध्ये २५ टक्के. त्याशिवाय प्रशिक्षकाचे साधारण १० टक्के, पट्टा देणाऱ्या संघटनेची सुमारे ३ टक्के फी, सरावाचा खर्च आणि कर. हे सगळं गेल्यावर उरतं ते बॉक्सरचं.

म्हणजे प्रमोटर आणि मॅनेजर यांच्यात रस्सीखेच व्हायलाच हवी. एकाच घरातली माणसं दोन्ही डगरींवर हात ठेवून उभी राहिली, तर बॉक्सरच्या बाजूने रस्सी धरायला कोणीच उरत नाही.

विदरस्पूनचं नेमकं हेच झालं. पत्रकार जॅक न्यूफिल्ड यांनी डॉन किंग यांच्यावरच्या पुस्तकात हे प्रकरण मुळापासून खणून काढलं. सही करताना विदरस्पूनसोबत त्याचा स्वतःचा वकील नव्हता. त्याच्यापुढे चार कागद आले. एक डॉन किंग यांच्याशी प्रमोशनचा करार. दोन करार कार्लशी, शब्दाला शब्द तेच; फक्त दाखवायच्या प्रतीत मॅनेजरचा वाटा ३३ टक्के आणि खऱ्या प्रतीत ५०. चौथा कागद पूर्ण कोरा. मार्च १९८४ मध्ये ग्रेग पेजला हरवून तो पहिल्यांदा जगज्जेता झाला. त्या लढतीचं मानधन अडीच लाख ठरलं होतं, हाती आले ४४,४६० डॉलर. मुहम्मद अली यांनी आपलं डीअर लेकचं सरावस्थळ त्याला फुकट वापरायला देऊ केलं होतं. तरी त्याला ओहायोत किंग यांच्या कॅम्पमध्येच राहावं लागलं आणि त्याचे दिवसाला १५० डॉलर त्याच्याच खात्यातून वळते झाले.

जगज्जेता माणूस मार खाऊन कमावतो आणि राहण्याचं भाडं आपल्याच प्रमोटरला भरतो. १९८७ मध्ये विदरस्पूनने अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढे १० लाखांवर तडजोड झाली. तोवर पट्टा गेला होता आणि उमेदीची वर्षं कोर्टकचेरीत सरली होती.

डॉन किंग हे कर्तबगार प्रमोटर होते, हेही खरंच. १९७४ मध्ये अली आणि जॉर्ज फोरमन या दोघांनाही प्रत्येकी ५० लाख डॉलरचा शब्द देऊन त्यांनी सह्या मिळवल्या. तेवढे पैसे खिशात नसताना झाईरचे हुकूमशहा मोबुटू यांची तिजोरी उघडायला लावली आणि किन्शासात लढत करून दाखवली. ही धमक आणि विदरस्पूनचा हिशेब, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आहे. माईक टायसननेही १९९८ मध्ये त्यांच्यावर १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि २००४ मध्ये १ कोटी ४० लाखांवर तो मिटला.

मॅनेजर ठामपणे समोरच्या बाजूला उभा राहिला की काय होतं, याचं टोकाचं उदाहरण मोंटाना राज्यातल्या शेल्बी या गावाचं. तेल सापडल्याने हुरळून गेलेल्या या आडगावाने ४ जुलै १९२३ रोजी जॅक डेम्प्सीची जगज्जेतेपदाची लढत भरवायचं ठरवलं. डेम्प्सीचा मॅनेजर जॅक कर्न्सने ३ लाख डॉलर मागितले, एक-एक लाखाच्या तीन हप्त्यांत. दोन हप्ते कसेबसे आले, तिसऱ्याला घोडं अडलं. लढत होणार की नाही याचाच पत्ता नसल्याने बाहेरगावचे प्रेक्षक फिरकले नाहीत. ४० हजार जणांसाठी बांधलेल्या लाकडी मैदानात तिकीट काढून आले सात-एक हजार. कर्न्सने तिकीटविक्रीची रोकड उचलली आणि डेम्प्सीला घेऊन गाव सोडलं. पंधरा फेऱ्या झुंजून हरलेल्या टॉमी गिबन्सला एक डॉलरही मिळाला नाही आणि या व्यवहारात अडकलेल्या तिथल्या बँका बुडाल्या. कर्न्स निर्दय होता, पण आपल्या बॉक्सरचे पैसे त्याने सोडले नाहीत. पुढे वाटणीवरून डेम्प्सी आणि तोच एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले, हा भाग वेगळा.

विदरस्पूनसारखी प्रकरणं साचत गेली तेव्हा अमेरिकेने २००० मध्ये मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा केला. प्रमोटरचा मॅनेजरच्या धंद्यात आर्थिक हितसंबंध नको आणि मॅनेजरचा प्रमोटरच्या धंद्यात नको, अशी भिंत त्याने उभी केली. लढतीतून आपल्याला किती मिळणार आणि बॉक्सरच्या मानधनातून काय काय कापणार, हे प्रमोटरने बॉक्सरला सांगणंही बंधनकारक झालं. कायदा चांगला आहे. मात्र ही भिंत दहा किंवा त्याहून जास्त फेऱ्यांच्या लढतींनाच लागू होते. नवखी मुलं लढतात चार आणि सहा फेऱ्यांच्या लढती. ज्याला वकील परवडत नाही, ज्याला सही करण्याची सर्वांत घाई असते, तोच भिंतीच्या बाहेर राहतो. या कायद्याची ही सर्वांत मोठी चूक आहे.

वरच्या मजल्यावर वेगळी पळवाट निघाली. अल हेमन यांनी स्वतःला प्रमोटर न म्हणवता बॉक्सरांचे सल्लागार म्हणवून घेतलं. गोल्डन बॉय कंपनीने २०१५ मध्ये त्यांच्यावर याही कायद्याचा आधार घेऊन ३० कोटी डॉलरचा दावा लावला, तो २०१७ मध्ये फेटाळला गेला. हेमन यांच्या बॉक्सरांना मात्र पैसे भरपूर मिळाले, हे नमूद करायलाच हवं. फ्लॉइड मेवेदरने २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर भरून टॉप रँक कंपनीशी असलेला करार तोडला आणि हेमन यांच्या साथीने तो स्वतःच स्वतःचा मालक झाला. मे २०१५ मध्ये मॅनी पॅकियावविरुद्धची त्याची लढत ४६ लाख ग्राहकांनी घरबसल्या पैसे मोजून पाहिली. त्याची त्या रात्रीची कमाई २० कोटी डॉलरच्या वर गेली.

मेवेदर शतकातून एखादाच. धंद्याचा रोजचा गाडा चालतो तो ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांसारख्या ठिकाणी. तिथे नवा मुलगा स्वतः मित्रांना, नातेवाइकांना, गल्लीतल्या लोकांना तिकिटं विकतो. त्यातून आधी समोरच्या बॉक्सरचे पैसे निघतात, मग उरलं तर त्याला. समोरचा असतो बहुधा हरण्यासाठीच बोलावलेला. बर्मिंगहॅमचा पीटर बकली असे ३०० सामने लढला. त्यातले ३२ जिंकला आणि २५६ हरला. या माणसाकडे पराभूत म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. आयत्या वेळी फोन आला तरी तो वजन राखून तयार असे आणि उगवत्या पोरांना रिंगमध्ये उभं राहायला शिकवत असे. त्याच्यासारख्यांशिवाय एकही प्रमोटर कार्यक्रम भरवू शकत नाही.

भारतात हा धंदा डोळ्यांत भरला तो विजेंदर सिंगमुळे. ऑलिंपिक कांस्यपदक विजेता विजेंदर २०१५ मध्ये फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी कंपनीकडून व्यावसायिक झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवलं. भारत आणि चीन यांच्यातला डोकलामचा तणाव तेव्हा पेटलेला होता. शांततेसाठी आपण प्रतिस्पर्ध्याचा पट्टा परत करायला तयार आहोत, असं विजेंदरने रिंगमधूनच सांगितलं. सलग बारा विजयांनंतरचा पहिला पराभव त्याला मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर रशियाच्या आर्तिश लोप्सानकडून पत्करावा लागला. विजेंदरचं व्यवस्थापन पाहणारी आयओएस हीच कंपनी भारतातल्या त्याच्या लढतींच्या आयोजनातही होती. यात कोणी कोणाला फसवलं असा कोणाचा आरोप नाही. पण ही दोन कामं वेगळी ठेवा, असं बजावणारा कायदाच आपल्याकडे नाही.

पॅरिस ऑलिंपिक खेळलेला निशांत देव जानेवारी २०२५ मध्ये मॅचरूम या बड्या कंपनीशी करार करून लास व्हेगासला पहिली व्यावसायिक लढत जिंकून आला. त्याच्या मागोमाग आणखी मुलं जातील, भिवानीतून जातील, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमधूनही जातील. यातल्या बहुतेकांनी आजवर राष्ट्रीय शिबिराचा भत्ता आणि सरकारी नोकरी एवढेच व्यवहार पाहिलेले असतात. वीस-पंचवीस पानांचा इंग्रजी करार त्यांच्यापुढे पहिल्यांदाच येतो. प्रमोटरकडून एक पैसाही न घेणारा वकील शेजारी बसवून तो करार त्यांच्या भाषेत ओळ न ओळ समजावून देण्याची सोय राज्यांच्या क्रीडा खात्यांनी करायला हवी, आणि तीही पहिल्या चार फेऱ्यांच्या लढतीच्या आधी.