गुळवेल, उंदीर आणि परळची प्रयोगशाळा

गुळवेलीवर छापलेला कागद दिसला की तो जपून ठेवायचा, ही माझी जुनी खोड. त्या गठ्ठ्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा निबंध जेमतेम तीन पानांचा आहे. परळच्या केईएम रुग्णालयातून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये तो १९९२ साली आला. लेखकांत ऊर्मिला थत्ते आणि शरदिनी डहाणूकर ही नावे आहेत. डहाणूकर म्हणजे ‘फुलवा’ लिहिणाऱ्या त्याच. झाडाफुलांवर इतक्या मायेने लिहिणाऱ्या बाई केईएममध्ये औषधशास्त्र शिकवत होत्या आणि १९८९ मध्ये त्यांनी तिथे आयुर्वेद संशोधन केंद्र उभे केले.

वनस्पतीने प्रतिकारशक्ती वाढते का, हे उंदरांवर पाहण्याच्या रुळलेल्या पद्धती आहेत. शिरेत कार्बनची शाई सोडून ती रक्तातून किती वेगाने नाहीशी होते ते पाहायचे. मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून अँटिबॉडी मोजायच्या, पंजाची सूज मोजायची. तुळस, कडुनिंब, शेवगा अशा कितीतरी पाल्यांचे अर्क या चाचण्यांतून गेले आहेत. आकडे वर सरकतात आणि बरेचसे निबंध तिथेच संपतात. खऱ्या जंतुसंसर्गात तो उंदीर जगला असता का, हे कुणी विचारतच नाही. मला हे अर्धे काम वाटते.

परळच्या गटाने नेमके तेच विचारले. उंदरांच्या पोटात ई. कोलाय जंतू सोडले, प्रत्येकी दहा कोटी. औषध न दिलेले सगळे उंदीर मेले. गुळवेलीच्या गटात १७.८ टक्के मेले, जेंटामायसिनच्या गटात ११.१ टक्के. एका वेलीचा अर्क अँटिबायोटिकच्या इतका जवळ पोहोचलेला पाहून दुसरा कुणी तिथेच थांबला असता. यांनी तोच अर्क शरीराबाहेर, थेट जंतूंवर वापरून पाहिला. एकही जंतू त्याने मारला नाही. मग उंदीर वाचले कशाने? रक्तातल्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, तपासल्या, तर जंतू गिळण्याची आणि गिळलेला जंतू आतल्या आत मारण्याची त्यांची ताकद वाढलेली निघाली. वेलीने रोग्याच्याच सैन्याला कामाला लावले होते.

त्याआधीच, पित्तनलिका बांधलेल्या उंदरांवर काम करून हा गट रुग्णांकडे वळला होता. पित्ताची वाट अडून होणाऱ्या काविळीत पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात. ऑपरेशनपूर्वी नळी घालून पित्त बाहेर काढतात, तरीही जंतुदोषाने माणसे दगावतात. शल्यचिकित्सक रवी बापट आणि निर्मला रेगे यांच्यासह केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण ३०. नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या जणांच्या रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणे दिसली. सोबत गुळवेल मिळालेल्यांत एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के जगले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के. तीस माणसांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण प्रश्न चोख होता आणि मोजमापही चोख होते.

कोविडच्या काळात यातला ‘गुळवेल’ हा एकच शब्द घरोघर पोहोचला. प्रयोगातला खोडाचा, मोजून दिलेला, पाण्यातला अर्क मागेच राहिला. लोक कुंपणावरची वेल ओळखीने नाहीतर अंदाजाने तोडून महिनोन् महिने काढा पीत राहिले. त्या वेलीच्या भावंडांपैकी एकीच्या पानांना लव असते, दुसरीच्या खोडावर गाठी असतात. घाईत हे पाहतो कोण? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीगत छापली: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज. आयुष मंत्रालयाने जोरदार हरकत घेतली. वनस्पती तपासलीच नाही, ती दुसरी जात असेल, असे त्यांचे म्हणणे. हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या अनेकांत शरीराच्याच पेशी यकृतावर उलटल्याची चिन्हे होती.

या वादात दोन्ही बाजूंनी १९९२ ची ती तीन पाने काढून वाचायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. ज्या औषधाने पांढऱ्या पेशी चेतवल्याचे परळमध्ये मोजले गेले, ते औषध पेशी आधीच स्वतःच्या यकृतावर टपलेल्या माणसाला दिले तर काय होईल, याचा अंदाज त्या आकड्यांवरूनच बांधता आला असता. जंतूंशी झुंजणाऱ्या काविळीच्या रुग्णाला आणि ठणठणीत, पण थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार असलेल्या बाईला एकच काढा पाजणे, हे त्या प्रयोगाने कुठेच सुचवलेले नाही.