क्लबची पैसेवारी

२९ मार्च २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या मैदानावर मुंबई सिटीनं पाच गोल खाल्ले आणि एकही केला नाही. इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीतला सामना होता तो. हंगाम तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा दारात. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "मामा, आपली टीम यंदा वर गेली का खाली, एकदा सांगून टाका. पोरं रात्रभर भांडायलेत."

आमच्या हिंगोलीपासून मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान साडेपाचशे किलोमीटरच्या पुढं. आमच्याकडची पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात, आखाड्यातही जातात. फुटबॉल मात्र बहुतेक मोबाईलवरच बघितला जातो. तरी क्लब 'आपला'. आणि आपला म्हटला की दर उन्हाळ्यात हा वाद आलाच. वाद करायला हरकत नाही. फक्त ज्या मापांनी तो केला जातो ती बरीचशी खोटी आहेत, आणि पाऊस-पिकाचा हिशेब रोज करणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसांना हे सांगावं लागू नये.

"सहावे आले, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा चार पायऱ्या खाली"

गुणतक्त्यातला क्रमांक हा पहिला गैरसमज, आणि सगळ्यात चिवट. क्रमांक सांगतो तो आपल्याला आणि इतरांना मिळून काय झालं ते. आपल्या एकट्याचं पीक कसं आलं, हे त्यावरून कळत नाही.

मुंबई सिटीचीच गोष्ट घ्या. २०१६ साली लीगमध्ये आठ संघ होते. प्रत्येकी चौदा सामने. मुंबई साखळीत पहिली आली, २३ गुणांवर. म्हणजे सामन्यामागे १.६४ गुण. पुढं २०२१-२२ मध्ये २० सामन्यांत ३१ गुण मिळाले, सामन्यामागे १.५५. कामगिरीत फरक किती? जेमतेम. पण या वेळी क्रमांक पाचवा. एका वर्षी डोक्यावर घेऊन नाचलो, दुसऱ्या वर्षी नाकं मुरडली.

त्यात लीग स्वतःच बदलत राहते. २०२१-२२ ला अकरा संघ होते आणि पुढच्या फेरीत पहिले चारच जात. पाचवी मुंबई घरी बसली. पुढच्या हंगामापासून सहा संघांना वाट मोकळी झाली. त्यामुळे २०२४-२५ मध्ये, तेरा संघांच्या लीगमध्ये सहावी आलेली मुंबई बाद फेरीत पोचली. पाचवं येऊन नापास, सहावं येऊन पास! "निदान बाद फेरीत तरी गेलो" असं म्हणणाऱ्या पोरांनी पासाची रेघ कुणी आणि कधी सरकवली ते आधी बघावं.

इंग्लंडमध्ये तर याचा कळस झाला. २०१८-१९ मध्ये लिव्हरपूलनं ३८ सामन्यांत ९७ गुण कमावले, अख्ख्या हंगामात एकच सामना हरला, आणि दुसरा आला. मँचेस्टर सिटीचे ९८ होते. तीनच वर्षं आधी लेस्टर सिटी ८१ गुणांवर विजेता ठरला होता.

"३१ चे ३६ झाले, म्हणजे प्रगतीच"

भाच्याच्या एका मित्राचा हा मुद्दा. २०२१-२२ ला ३१ गुण, २०२४-२५ ला ३६. बेरीज बरोबर आहे, पण एका वर्षी २० सामने होते आणि दुसऱ्या वर्षी २४. दोन एकरांतलं सोयाबीन आणि अडीच एकरांतलं सोयाबीन क्विंटलवर तोलून कोणी शहाणा ठरत नाही. एकरी उतारा विचारतात. सामन्यामागे गुण काढले की १.५५ चे १.५० झालेले दिसतात. पाच गुणांची वाढ होती ती केवळ जास्त रानाची.

इथं मला आपली पैसेवारी आठवते. गावचं पीक बरं का वाईट, हे शेजारच्या गावाकडं बघून ठरत नाही; कापणी प्रयोगातून आलेलं यंदाचं उत्पन्न त्याच भागातल्या त्याच पिकाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहतात. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू. पद्धतीवर शंभर तक्रारी आहेत, त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत. पण त्यामागचा विचार सरळ आहे: आधी स्वतःचं प्रमाण ठरवा, मग यंदाचं मोजा.

तर त्या सकाळी आम्ही वहीच्या मागच्या पानावर मुंबई सिटीची पैसेवारी काढली. २०२०-२१ ते २०२३-२४ असे चार हंगाम प्रमाण धरले. गुण ४०, ३१, ४६ आणि ४७, मिळून १६४. सामने २०, २०, २० आणि २२, मिळून ८२. भागाकार बरोबर दोन. सामन्यामागे दोन गुण हे या क्लबचं प्रमाण उत्पन्न. (एवढा गोल आकडा आल्यावर भाच्यानं दोनदा पडताळून पाहिलं.)

आता २०२४-२५ चे दीड. दोन म्हणजे रुपया धरला, तर पंचाहत्तर पैसे.

दुष्काळ नाही. पण पाऊस कमी झाला, हे सरळ दिसतंय. "क्लब बुडाला" म्हणणारे आणि "काही बिघडलं नाही" म्हणणारे, दोघांचंही या एका आकड्यानं समाधान झालं नाही, म्हणून मला तो जास्त पटला.

"ट्रॉफी आली की प्रगती झाली"

हा मुद्दा नाजूक आहे, कारण चाहत्याला ट्रॉफी हवीच असते आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न फक्त एवढाच, की ट्रॉफी नक्की काय मोजते?

२०२२-२३ चा मुंबई सिटीचा संघ घ्या. डेस बकिंगहॅम प्रशिक्षक. २० सामन्यांत १४ विजय, ४ बरोबरी, २ पराभव. ५४ गोल केले, २१ खाल्ले. लागोपाठ अठरा सामने अपराजित. आमच्या वहीत ११५ पैसे. साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी शील्ड आली. मग उपांत्य फेरीत बंगळुरूकडून घरच्या मैदानावर ०-१, तिकडं जाऊन २-१ असा विजय, आणि शेवटी पेनल्टींवर ८-९. कप गेला.

पुढच्या वर्षी बकिंगहॅम मध्येच इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडं निघून गेले आणि पेत्र क्रात्की आले. २२ सामन्यांत ४७ गुण, म्हणजे १०७ पैसे. साखळीच्या शेवटच्या सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानकडून १-२ हरून शील्ड एका गुणानं हुकली. आणि ४ मे २०२४ ला त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानला ३-१ हरवून कप जिंकला.

मग कोणत्या वर्षी प्रगती झाली? कपवाल्या वर्षी सामन्यामागे गोल २.७ वरून १.९ वर आले, आक्रमण बोथट झालं. गोल खाण्याचं प्रमाण मात्र १.०५ वरून ०.८६ वर उतरलं, बचाव घट्ट झाला. माझ्या मते २०२२-२३ चा संघ अधिक चांगला होता. भाच्याला हे मान्य नाही, कपाचे फोटो अजून त्याच्या स्टेटसला असतात. साखळी म्हणजे वर्षभराचा दूध-डेअरीचा हिशेब, रोजचं फॅट रोज लागतं. बाद फेरी म्हणजे जत्रेतली शेवटची कुस्ती. शेवटची कुस्ती मारणारा मोठाच, पण तिच्यावरून वर्षभराचा खुराक आणि मेहनत कळते असं समजू नये.

"आशियात सगळे सामने हरलो, म्हणजे लायकी कळली"

एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियातल्या रियाधला मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. गटात सात गुणांवर दुसरा क्रमांक. आणि त्याच हंगामात देशात पाचवे! उलट २०२३-२४ च्या आशियाई मोहिमेत सहाच्या सहा सामने हरले, गटात सौदीचा अल-हिलाल होता, आणि त्याच हंगामात देशात कप. म्हणजे आशियाचा निकाल आणि घरचा निकाल विरुद्ध दिशांना पळाले. सहा सामने ही मोजणीच लहान. त्यात समोर कोण आलं यावरच अर्धा निकाल ठरतो. दोन्ही एका ताजव्यात घालायचे नाहीत, एवढंच.

"जुने खेळाडू गेले त्याचं काही नाही, यंत्रणा तीच आहे"

२०२४ च्या उन्हाळ्यात राहुल भेके, होर्हे पेरेय्रा दियाझ आणि आल्बेर्तो नोगेरा हे तिघं बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानला गेला. कप जिंकलेल्या संघाचा पाठकणाच उचलला गेला. मग सामन्यामागे गोल १.९ वरून १.२ वर आले यात नवल कसलं? २४ सामन्यांत २९ केले आणि २८ खाल्ले. वजाबाकी एक. ५-० ची रात्र धक्कादायक वाटली खरी, पण ज्यानं गोलफरकाच्या रकान्याकडं वर्षभर बघितलं होतं, त्याला इशारा आधीच मिळाला होता. गुणांपेक्षा गोलफरक लवकर खरं बोलतो. एका गोलानं ओढूनताणून मिळवलेले विजय गुण देतात, भरवसा देत नाहीत.

हल्ली याच्या पुढचं एक माप टीव्हीवर दाखवतात, 'अपेक्षित गोल'. प्रत्येक फटका कुठून, कसा मारला, त्यावरून तो गोल व्हायची शक्यता किती हे मांडायचं. पेनल्टीला साधारण पाऊण गोल, चाळीस यार्डांवरून मारलेल्याला जवळपास काहीच नाही. सगळ्या फटक्यांची बेरीज म्हणजे संघानं निर्माण केलेल्या संधी. हे वाईट माप नाही. पण एका सामन्याचं अपेक्षित गोल दाखवून "आपणच जिंकायला हवं होतं" म्हणणं म्हणजे एकाच सरीतलं उपटून अख्ख्या शिवाराची नजर पैसेवारी लावणं. दहा-पंधरा सामने साठू द्या, मग बोला.

"प्रशिक्षक बदला, म्हणजे वर जाऊ"

याला मुंबईतच एक झणझणीत उत्तर आहे, आणि ते सिटीचं नाही. २००७ ला सुरू झालेल्या मुंबई एफसी या आय-लीगमधल्या क्लबला खालिद जमील यांनी २००९ ते २०१६ सांभाळलं. पैसा बेताचा, संघ तळाच्या आसपास, पण लीगबाहेर कधी गेला नाही. चाहते म्हणत, सात वर्षांत प्रगती शून्य. २०१६ मध्ये जमील गेले. ते गेले मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडं. हा क्लब आदल्या हंगामात लीगमधून उतरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. त्याच ऐझॉलनं २०१६-१७ ची आय-लीग ३७ गुणांवर जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणानं. मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला जाऊन उतरली आणि पुढं बंदच झाली. जमील २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. 'टिकून राहणं' हीसुद्धा एक कमाई असते, हे मुंबई एफसीच्या चाहत्यांना क्लब नसल्यावर कळलं असणार.

ऐझॉलला जागा करून देणारे ते गोव्याचे क्लब कोण? साळगावकर, स्पोर्टिंग. पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकलेल्या धेंपोनंही तेव्हाच अंग काढून घेतलं. तक्त्यातून नाव गेलं, पण त्यांचा खेळ काही खालावला नव्हता. लीगची पुढची रचनाच त्यांना मान्य नव्हती.

"त्यांना हरवलं ना, बस्स!"

हे कोल्हापूरकरांचं माप. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडले की तक्ता कोण बघतो? याला गैरसमज म्हणायची माझी हिंमत नाही. ते वेगळंच खातं आहे, ते वेगळंच ठेवावं.

त्या दिवशी भाच्यानं वहीत रकाने पाडले. हंगाम, संघ किती, सामने, गुण, सामन्यामागे गुण, केलेले गोल, खाल्लेले गोल, गेलेले खेळाडू, पैसे. २०२४-२५ समोर ७५ लिहिलं आणि खाली २०२५-२६ ची ओळ आखून ठेवली. "आता नव्वदच्या पुढं नाही गेलो तर बघा मामा," म्हणाला.

जुलै २०२५ मध्ये बातमी आली की लीगच थांबवून ठेवली आहे, फुटबॉल महासंघ आणि आयोजक कंपनीतला करार पुढं सरकत नव्हता. सप्टेंबर गेला. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरलं आणि उठलं. सोयाबीन निघालं, हळद रानात वाढत राहिली, गावोगावच्या पैसेवाऱ्या जाहीर झाल्या. डिसेंबर अखेरीस, २०१९ पासून मुंबई सिटीची मालकी सांभाळणारा सिटी फुटबॉल ग्रुप क्लबातून बाहेर पडला. वहीतली ओळ तोवर कोरीच होती. भाच्यानं 'सामने' या रकान्यात पेन्सिलीनं शून्य काढलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "मामा, शून्याला शून्यानं भागलं तर किती पैसे?"