अपील केलं म्हणजे स्टे मिळाला?

दिवाणी दावा हरलेला माणूस घरी आला की आजूबाजूचे धीर देतात, "अपील टाक, सगळं थांबेल." सल्ला मायेचा असतो, पण त्याला कायद्याचा आधार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मधला नियम ५ आरंभीच सांगतो की नुसतं अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. अपिलाला नंबर पडला तरी जिंकलेल्याची दरखास्त चालू राहते, कब्जा वॉरंट निघतं, बेलिफ दारात येतो. त्याला अपिलाची पावती दाखवून उपयोग नाही. स्थगितीचा आदेश दाखवावा लागतो.

गैरसमज: खालच्या कोर्टाचा निकाल चुकीचा आहे हे पटवलं की स्टे मिळतो.

निकाल बरोबर की चूक, हे अपिलाच्या अंतिम सुनावणीत ठरतं. स्टेच्या अर्जावर नियम ५ तीन गोष्टी विचारतो. आत्ता अंमलबजावणी झाली तर अर्जदाराचं मोठं नुकसान होईल का? त्याने विनाकारण उशीर न करता अर्ज केला का? आणि शेवटी जो हुकूमनामा कायम होईल तो पाळण्यासाठी त्याने तारण दिलं का? पक्षकार पहिल्या प्रश्नावर तासभर बोलतात आणि तिसरा आला की वकिलाकडे बघतात.

"नुकसान" म्हणजे गैरसोय नव्हे. पैशाच्या हुकूमनाम्यात पैसे भरावे लागणं हा हुकूमनाम्याचाच अर्थ आहे, आणि अपील जिंकल्यावर ते परत मागता येतात. राहतं घर पाडलं जाणार असेल किंवा जागा तिसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर बाजू बळकट होते.

गैरसमज: स्टे फुकट असतो, कोर्ट फी आणि वकिलाची फी सोडून.

सगळ्यात महाग पडतो तो हा गैरसमज. हुकूमनामा पैशाचा असेल, तर आदेश ४१ नियम १(३) नुसार वादातली रक्कम कोर्टात जमा करा किंवा कोर्ट सांगेल ते तारण द्या, असं सांगितलं जातं. ते केलं नाही तर कोर्टाने अंमलबजावणीला स्थगिती देऊ नये, असं नियम ५(५) म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने इथे अपिली कोर्टाचा विवेक मान्य केला आहे, पण विनाअट स्थगितीला तसंच खास कारण लागतं. आणि पैसे भरले नाहीत म्हणून अपीलच निकालात निघतं, हेही खरं नाही. अपील चालतं, फक्त समोरच्याची दरखास्तही चालते.

जागा रिकामी करण्याच्या हुकूमनाम्यात किंमत वेगळ्या रीतीने लागते. दिल्लीच्या कॅनॉट सर्कसमधली एक व्यापारी जागा १९४४ पासून भाड्याने होती, भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे. भाडेकरू हरला, अपिलात गेला. अपिली न्यायाधिकरणाने स्टे दिला, पण महिना १५,००० रुपये भरण्याच्या अटीवर. उच्च न्यायालयाने ती अट काढली. डिसेंबर २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती परत घातली. तर्क साधा होता. बेदखलीचा हुकूमनामा झाल्यावर भाडेकरूला जुन्या भाड्याचा हक्क उरत नाही. त्याला स्टेच्या जोरावर जागा धरून ठेवायची असेल, तर ती आज बाजारात जे भाडं मिळवून देईल त्याच्या आसपासची रक्कम त्याने भरावी. मला हा निवाडा न्याय्य वाटतो. हुकूमनामा हातात असूनही वाट बघायची ती मालकाने, मग त्या वाट बघण्याचा खर्च त्यानेच का सोसायचा?

गैरसमज: भाडेकरू सरकार असेल तर ही अट लागत नाही.

आदेश २७ नियम ८-क शासनाला तारण देण्यापासून सूट देतो, हे खरं. पण मुंबईतल्या एका जागेच्या प्रकरणात महाराष्ट्र शासनच भाडेकरू होतं, आणि २००९ मध्ये सुपर मॅक्स निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने शासनावर घातलेली दरमहा रक्कम भरण्याची अट कायम ठेवली. पुढे २०१९ मध्ये, लवादाच्या निवाड्यावरील स्थगितीबाबत पाम डेव्हलपमेंट्स प्रकरणात, सरकार आहे म्हणून वेगळा न्याय नाही असंही सांगितलं गेलं.

गैरसमज: स्टे वरच्या कोर्टातूनच आणावा लागतो.

ज्या कोर्टाने हुकूमनामा केला, तेच कोर्ट अपिलाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज आल्यास तात्पुरती स्थगिती देऊ शकतं. ही मुदत जिल्हा न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज तयार ठेवणारे वकील शहाणे. मुदत उलटून गेल्यावर अपील केलं, तर विलंबमाफीचा अर्ज सोबत लागतो, आणि अपील ऐकायचं असं कोर्टाने ठरवेपर्यंत स्टेही मिळत नाही.

गैरसमज: स्टे मिळाला म्हणजे निकाल रद्द झाला.

निकाल जागेवरच असतो, फक्त त्याची अंमलबजावणी थांबते. १९९२ च्या श्री चामुंडी मोपेड्स निवाड्यात हा फरक नीट मांडला आहे. "आम्हाला स्टे मिळाला" म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी तो वाचावा. उलट बाजूचाही एक समज आहे, की सहा महिन्यांत स्टे आपोआप उठतो. त्याचं मूळ २०१८ च्या एशियन रीसर्फेसिंग निवाड्यात आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते चुकीचं ठरवलं.

गैरसमज: वर आदेश झाला त्या क्षणी खाली सगळं थांबतं.

स्थगिती लागू होते ती खालच्या कोर्टाला कळवल्यापासून. स्थगिती झाल्याचं माहीत नसताना कोर्टाने कब्जा देऊन टाकला, तर ती कृती मुळातच निरर्थक ठरत नाही, असं १९६७ च्या मुळराज निवाड्यात म्हटलं आहे. १९७६ च्या दुरुस्तीने यावर एक सोय केली. अधिकृत आदेश येईपर्यंत अपिलार्थीने स्वतःच्या माहितीवर आधारित प्रतिज्ञापत्र दिलं, तर खालच्या कोर्टाने त्यावर थांबायचं. तेव्हा आदेश दुपारी झाला असेल, तर प्रतिज्ञापत्र त्याच संध्याकाळी तयार करून घ्यावं. बेलिफची तारीख उद्याची असू शकते.